अनोळखी माणसापेक्षा कमी

अहवालातला आकडा पाहून मला पहिला राग यंत्राचा आला. शून्य पूर्णांक चार. मी नमुना पुन्हा लावला. दुसऱ्या दिवशी सकाळी यंत्रानं तोच आकडा दिला, आणि आमच्या केंद्राला हरण्याची सवय नव्हती.

आमचं केंद्र म्हणजे अमरावतीच्या विधी महाविद्यालयातलं विधी सहाय्य केंद्र. कँटीनच्या मागची एक खोली, दोन टेबलं, आणि ज्यांना वकील परवडत नाही अशा पक्षकारांसाठी बाहेर एक बाक. मी शेवटच्या वर्षाला होते आणि केंद्राची विद्यार्थी सचिव होते. चालवायच्या त्या दाभाडे मॅडम. त्या आम्हाला पुरावा कायदा शिकवायच्या आणि केंद्रातल्या केसेस स्वतः कोर्टात उभ्या राहून लढायच्या.

यशोधरा तायडे त्या बाकावर आली ती एका बॅगेसह. माझ्याच वयाची, बी. कॉम. झालेली. मोर्शीच्या सौरभ निंभोरकरशी तिनं रजिस्टर लग्न केलं होतं. ती बौद्ध, तो नाही. लग्नानंतर काही महिन्यांत सौरभ नोकरीसाठी मस्कतला गेला आणि तिला आईवडिलांकडे ठेवून गेला. आधी फोन कमी झाले, मग तो यायचाही थांबला. जवळजवळ तीन वर्षं ती सासरी राहिली. मागच्या आठवड्यात सासूनं बॅग बाहेर ठेवली. तिला त्या घरात राहण्याचा हक्क हवा होता, आणि कौटुंबिक हिंसाचार कायदा तो देतो.

निंभोरकरांचं उत्तर एका ओळीचं होतं. ही मुलगी आमच्या घरी कधी राहिलीच नाही, लग्नानंतरही बडनेऱ्याला आईकडेच होती. शेजारच्या दोन घरांनी तसं प्रतिज्ञापत्र दिलं. आधारवरचा पत्ता बडनेऱ्याचाच होता. मी यशोधराला सांगितलं, काळजी करू नका, आपल्याकडे चाचणी आहे.

चाचणीबद्दल थोडं सांगायला हवं. आपल्या कातडीवर, तोंडात, आतड्यात जीवाणूंची वस्ती असते. एकाच प्रजातीच्या जीवाणूचे असंख्य वाण असतात, आणि कुठल्याही दोन माणसांच्या अंगावरचे वाण सारखे नसतात. पण एका छताखाली राहणारी माणसं नकळत एकमेकांना आपले वाण देत राहतात: टॉवेलातून, दाराच्या कडीतून, उष्ट्या पेल्यातून, भाकरी मोडून दिलेल्या हातातून. नवरा-बायकोत ही देवाणघेवाण होते तशी सासू-सुनेतही होते. घरातलं कुत्रंही त्यात असतं. माणूस घर सोडून गेला की हे सारखेपण हळूहळू पुसट होतं, पण काही महिने टिकतं.

पुण्याच्या निकट बायोसायन्सनं यातून सहवास चाचणी बनवली. तळहातावर आणि गालाच्या आतून कापसाचा बोळा फिरवायचा, दोन्ही पक्षांचे नमुने डब्याएवढ्या यंत्रात ठेवायचे. यंत्र जीवाणूंचा डीएनए वाचतं, किती वाण जुळतात ते पाहतं आणि सकाळी शंभरपैकी एक आकडा देतं. त्याला सहवासांक म्हणतात. तीसच्या वर असेल तर माणसं एकत्र राहतात.

मी बी. एस्सी. केलं ते सूक्ष्मजीवशास्त्रात, आणि कायद्याकडे वळले ती या यंत्रामुळेच. साक्षीदार फिरतो, शेजारी घाबरतो, कागद गहाळ होतो, पण जीवाणूंना कोणाची भीती नसते. टाकून दिलेल्या बायका आमच्याकडे यायच्या, नवरे शपथेवर म्हणायचे की ही इथं नव्हतीच, आणि यंत्र त्यांना तोंडावर पाडायचं. हाच विषय घेऊन मी अभिरूप न्यायालयाची, म्हणजे मूट कोर्टची, राज्य स्पर्धा जिंकले. स्पर्धा निकटनंच प्रायोजित केली होती, केंद्रातलं यंत्रही त्यांचीच देणगी. पदवी मिळाली की त्यांच्या पुण्याच्या कार्यालयात विधी-विज्ञान सल्लागार म्हणून रुजू व्हायचं पत्र माझ्याकडे होतं. तीन वर्षं मी त्याच नोकरीसाठी घासत होते.

केंद्रातला अर्जाचा मसुदाही ठरून गेला होता. जुनी फाइल उघडायची, नाव बदलायचं, सहवासांक भरायचा, सही घ्यायची. सुनेचा हक्क टिकायला ती प्रत्यक्ष राहिलेलीच असली पाहिजे असं नाही, हे वरच्या कोर्टानं पूर्वीच सांगून ठेवलं होतं. पण यंत्र आल्यापासून तो निकाल वाचायचंच सगळ्यांनी सोडलं होतं. न्यायाधीश खुर्चीत बसता बसता विचारायचे, आकडा किती?

आणि या वेळी आकडा होता शून्य पूर्णांक चार.

दाभाडे मॅडमनी अहवाल वाचला, चष्मा काढला आणि म्हणाल्या, की पक्षकार खोटं बोलतात, वकिलाला पहिली लाथ नेहमी आपल्याच पक्षकाराकडून बसते, शिकून घे. मग म्हणाल्या, तिला बोलव आणि तूच विचार, तुझ्याशी नीट बोलेल.

यशोधरा आली. मी अहवाल तिच्यापुढे सरकवला आणि आकड्याचा अर्थ सांगितला. ती रडली नाही. चिडलीही नाही. तिनं आकड्यावर बोट ठेवलं आणि जरा हसली.

"बरोबर आहे ना मग," ती म्हणाली. "तुमच्या मशीननं खरंच सांगतलं. मी त्याइच्यात होतीच कुठं?"

मी विचारलं, म्हणजे तुम्ही तिथे राहत नव्हता?

"राहत होती. मागं."

मग ती सांगत गेली आणि मी लिहून घ्यायचं विसरले. घर दोन मजली, टाइल्सचं, देवघराला संगमरवर. मागच्या गल्लीत उघडणारी एक खोली, पूर्वी तिथं फवारणीचे पंप ठेवायचे. ती खोली तिची. नळ वेगळा, संडास वेगळा, ताट-पेला वेगळा. ताट खिडकीच्या कट्ट्यावर असायचं, सासू जेवण वरून त्यात टाकायची, ताटाला हात न लावता. येणं-जाणं मागच्या गल्लीनं, म्हणून शेजाऱ्यांनी पाहिलं नाही म्हणतात ते अगदीच खोटं नव्हतं. सौरभ होता तोवर म्हणायचा, आईला जरा वेळ दे. कधी सण असला, काही लागलं आणि तिला पुढच्या घरात यावं लागलं, तर ती गेल्यावर सासू फरशी फिनाईलनं पुसायची. दाराची मूठसुद्धा.

"मूठसुद्धा?" मी विचारलं.

"मुठीले तर पयले," ती म्हणाली.

मी शिकलेल्या, नोकरीवाल्या माणसांच्या घरात वाढले होते, आणि हे सगळं पाठ्यपुस्तकातल्या जुन्या काळाच्या धड्यात संपलं असं मला कोणीतरी शिकवलं होतं. माझ्या हातात त्या धड्याचं आजचं मोजमाप होतं आणि मी त्याला यंत्राचा बिघाड म्हणत होते.

ती गेल्यावर मी प्रयोगशाळेतल्या माणसासारखा विचार करायला लागले, कारण तसा केला नसता तर मी काहीतरी फोडलं असतं. एका गावातल्या दोन अनोळखी माणसांचा सहवासांक शून्य येत नाही. बाजारातली नाणी, बसची दांडी, किराणा दुकानाचा काउंटर, यातून थोडे वाण इकडून तिकडे जातातच. निकटच्याच माहितीपत्रकात अनोळखी माणसांसाठी दोन ते तीन हा आकडा दिलेला आहे. यशोधराचा अर्धासुद्धा नव्हता. समोरच्या रस्त्यावरचा कुठलाही वाटसरू निंभोरकरांच्या जास्त जवळचा होता. दूर राहून इतका कमी आकडा येत नाही. तो आणायला माणसाला जवळ ठेवून रोज पुसावं लागतं.

मी हे दाभाडे मॅडमना सांगितलं. त्यांनी एक शिवी दिली, वर्गात देत नाहीत अशी, आणि अर्ज लिहायला बसल्या. माणसांची चाचणी झाली, आता घराची करा. दवाखान्यांत संसर्ग शोधायला पृष्ठभागाचे नमुने घेतात तसे त्या घराच्या प्रत्येक भागातून घ्या, आणि त्यासाठी कोर्टाच्या वतीनं पाहणी करणारा कमिशनर नेमा.

अर्जाची प्रत निकटला गेली, आणि अनिश वर्तकांचा फोन आला. हे तिथले विभागप्रमुख, स्पर्धेत मला ढाल देणारे. फार गोड बोलले. अर्जात चाचणी दिशाभूल करते असं वाक्य आहे, ते काढता येईल का, म्हणाले. मी म्हटलं, दिशाभूल झाली आहे.

"केतकी, चाचणीनं चूक केलेली नाही," ते म्हणाले. "ते लोक तिच्याबरोबर राहत नव्हते, हे खरंच आहे ना? आमचं यंत्र तेवढंच सांगतं."

यशोधरानंही हेच म्हटलं होतं. तिच्या तोंडून ऐकताना मला लाज वाटली होती. यांच्या तोंडून ऐकताना हातातला फोन भिंतीवर फेकावासा वाटला. मी एवढंच म्हणाले, की वाक्य राहील. ते म्हणाले, तुम्ही आमच्याकडे येणार आहात, जरा लांबचा विचार करा. प्राचार्यांनीही बोलावून घेतलं. देणगी, पुढच्या वर्षीची स्पर्धा, महाविद्यालयाचं नाव, सगळं सांगून झालं. शेवटी म्हणाले, तुझं करिअर आहे बेटा, या वयात एका केससाठी एवढं तापून चालत नाही. मी विचारलं, सर, कुठल्या वयात चालतं? त्यांनी घड्याळ पाहिलं.

कमिशनरांच्या भेटीची तारीख कोर्टाच्या नोटिशीनं निंभोरकरांना आधीच कळली होती. आम्ही मोर्शीला पोचलो तेव्हा घर आरशासारखं लख्ख होतं आणि फाटकापासूनच फिनाईलचा वास येत होता. कमिशनर म्हणून आलेले मध्यमवयीन वकील, विद्यापीठातली तंत्रज्ञ, एक महिला पोलीस, दाभाडे मॅडम आणि मी. यशोधराला मॅडमनी मुद्दाम आणलं नव्हतं, नमुन्यांवर उद्या शंका नको म्हणून. सासू, रंजनाताई, दारातच उभ्या होत्या. कडक इस्त्रीची साडी, आवाज शांत. "पाहा ना," त्या म्हणाल्या, "सारं घर पाहा. आमी लपवून ठेवलं का काई?"

पुढच्या घरातून काही मिळणार नव्हतं. सोफा, जिना, स्वयंपाकघर, सगळं घासून ठेवलेलं. माझा धीर सुटत चालला होता. मग आम्ही मागच्या खोलीशी गेलो. दाराला कुलूप होतं. किल्ली मागितली तर रंजनाताईंनी ती पोलीसबाईच्या हातात दिली नाही, त्या दाराजवळ न येता चार पावलं लांबून जमिनीवर टाकली.

आत सगळं जसंच्या तसं होतं. खाट, दोरीवर वाळलेला टॉवेल, कट्ट्यावर एक ताट आणि एक पेला, वर धूळ. तंत्रज्ञ माझ्याकडे बघायला लागली. सारं घर पुसलेल्या माणसांनी नेमकी हीच खोली सोडली होती.

कमिशनरांनी सहज विचारावं तसं विचारलं, बाकी घर एवढं स्वच्छ केलंत, ही खोली का नाही केली?

रंजनाताईंना या प्रश्नात काही विशेष वाटलं नाही. "तिकडे कोन हात लावन?" त्या म्हणाल्या.

कमिशनरांनी ते शब्द लिहून घेतले आणि खाली रंजनाताईंची सही मागितली. तेव्हा कुठे त्यांचा चेहरा बदलला.

त्या खोलीत यशोधराचे वाण सापडले. खाटेच्या पट्ट्यांत, नळाच्या चावीवर, ताटाच्या कडेला, खिडकीच्या गजांवर. मुक्कामाला आलेला पाहुणा काही दिवसांत एवढे ठसे सोडत नाही. घरातल्या दुसऱ्या कोणाचाही एक वाण खोलीच्या आत नव्हता. खिडकीचा कट्टा मधोमध विभागला गेला होता. आतली बाजू तिची होती आणि बाहेरची सासूची. मी रात्रंदिवस बसून घराचा नकाशा काढला, जिथं तिचे वाण मिळाले तो भाग लाल रंगवला. कोणाही न्यायाधीशाला एका नजरेत कळावं असा. मला त्या नकाशाचा अभिमान होता.

कोर्टात वर्तक कंपनीतर्फे साक्षीला आले. दाभाडे मॅडमनी माझा प्रश्न जसाच्या तसा विचारला: रस्त्यावरच्या दोन अनोळखी माणसांचा सहवासांक किती येतो? त्यांनी दोन ते तीन असं उत्तर दिलं. मग या सुनेचा इतका कमी कसा? ते म्हणाले, अशी परिस्थिती चाचणी तयार करताना गृहीत धरलेली नव्हती.

"कुठली परिस्थिती?" मॅडमनी विचारलं.

वर्तकांनी कोर्टाकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं, आणि पाणी मागितलं. तो शब्द त्यांनी शेवटपर्यंत उच्चारला नाही. मागच्या बाकावर यशोधरा सरळ बसून ऐकत होती. मॅडमनी अस्पृश्यतेचा मुद्दा मांडला, वरच्या कोर्टाचा तो जुना निकालही वाचून दाखवला. न्यायाधीशांनी मान हलवत सगळं ऐकून घेतलं.

अंतरिम आदेश आला. आम्ही जिंकलो होतो. मॅडम बार रूमच्या बाहेर उभ्या राहून मोठ्यानं वाचत होत्या आणि वाचता वाचता त्यांचा आवाज खाली आला. अर्जदार ही त्या घरात राहत होती हे सिद्ध होते. तथापि अर्जदाराच्याच पुराव्यावरून तिचा निवास घराच्या मागील खोलीपुरता मर्यादित असल्याचे दिसते. सबब सोबतच्या नकाशात लाल रंगाने दाखवलेल्या भागात तिला राहण्याचा हक्क देण्यात येत आहे.

सोबत माझा नकाशा जोडला होता. रंगीत प्रत.

मी काय काय बोलले ते मला नीट आठवत नाही. मी रंगवलेली जखम त्यांनी कुंपण म्हणून वापरली, असं काहीतरी ओरडले असेन, कारण दोन वकील थांबून बघायला लागले. तीन वर्षं मी समजत होते, की अचूक पुरावा दिला की न्याय आपोआप होतो. अचूक पुराव्यानं तिला सेंटिमीटरपर्यंत मोजून परत त्याच खोलीत कोंडलं होतं. मॅडमनी माझं मनगट घट्ट धरलं. म्हणाल्या, सत्र न्यायालयात अपील करू, आजच बसू, पण आधी तिला विचार तिला काय करायचंय. त्याच दिवशी निकटची मेल आली होती, त्या पदाची आता गरज राहिलेली नाही म्हणून. ती मी वाचली आणि बंद केली. तो राग मला वेगळा काढता आला नाही, आधीच एवढा होता.

यशोधराची आई म्हणत होती, नको जाऊ, बडनेऱ्यालाच राहा. मीही तेच म्हणाले. अपिलाचा निकाल येईपर्यंत थांबा, त्या खोलीत पाऊल टाकलंत तर आदेश मान्य केल्यासारखं दिसेल. यशोधरानं आदेश दोनदा वाचला.

"यात कोनत्या दारानं जायचं ते लिवलंय का?" तिनं विचारलं.

लिहिलेलं नव्हतं.

ती, आदेश अमलात आणणाऱ्या संरक्षण अधिकारी, तीच महिला पोलीस आणि मी, अशा चौघी मोर्शीला गेलो. पोलीसबाई सवयीनं मागच्या गल्लीकडे वळल्या. यशोधरा पुढच्या फाटकातून आत गेली. रंजनाताई दारात आल्या आणि बाजूला झाल्या, तिला धक्का लागू नये म्हणून. त्यांच्या त्याच सवयीनं तिला वाट मिळाली. यशोधरानं चौकटीवर तळवा टेकला, पूर्ण, बोटं पसरून. मग जिन्याच्या कठड्यावर. सोफ्याच्या पाठीवर. ती घाईत नव्हती, चालता चालता माणूस आपल्या घरात जिथं जिथं हात ठेवतो तिथं ठेवत होती.

"पुसत बसू का मंग आता मी दिवसभर?" रंजनाताई म्हणाल्या. आवाज शांत नव्हता. "आमी तिले मारलं का? उपाशी ठेवलं का? दोन टाइम जेवाले देलं."

"पुसा," यशोधरा म्हणाली. "मी रोज याच वाटेनं जाईन. तुमी रोज पुसा."

संरक्षण अधिकारी आदेशाची प्रत चाळत होत्या, यात काही बसतं का ते पाहत. यशोधरा स्वयंपाकघरात शिरली. मांडणीवर स्टीलचे पेले उलटे घातलेले होते. तिनं त्यातला एक उचलला, फिल्टरखाली भरला आणि ओठ लावून सावकाश प्यायली. सगळं पाणी प्यायली. पेला तिनं विसळला नाही. होता तसा उलटा करून बाकीच्यांत ठेवला, मग एका हातानं दोन-तीन पेले इकडचे तिकडे सरकवले, आणि बॅग उचलून मागच्या खोलीकडे निघून गेली.

रंजनाताई मांडणीसमोर येऊन उभ्या राहिल्या. त्यांचा हात एका पेल्याकडे गेला, थांबला, दुसऱ्याकडे गेला. सगळे पेले एकसारखे होते.